अहमदनगरची नहर: तंत्र कोणाचे, पाणी कोणाचे?

अहमदनगरच्या इतिहासावर लिहिलेल्या कुठल्याही पुस्तकात चांदबीबी हमखास भेटते. भुईकोट किल्ला भेटतो. त्या किल्ल्याच्या कैदेत नेहरूंनी लिहिलेले ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आणि तिथेच मौलाना आझादांनी लिहिलेली ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे यांचाही उल्लेख होतो. उल्लेख होत नाही तो खापराच्या नळाचा. हातभर लांबीचा, एका टोकाला निमुळता, कुंभाराच्या भट्टीत भाजलेला हा नळ. असे हजारो नळ एकात एक बसवून, चुन्याने सांधे बुजवून जमिनीखाली पुरले गेले आणि त्यांच्या जोरावर निजामशाहीची राजधानी पाणी प्यायली. सुलतानांच्या लढाया आणि मकबरे यांत आपण इतके गुंततो की ज्यावर शहर जगले ती वस्तू आपल्याला इतिहासाची वाटतच नाही.

तंत्रज्ञान समाजाला घडवते की समाज तंत्रज्ञानाला, हा प्रश्न आज विद्यापीठांत पीएच.डी.चा विषय आहे. त्यासाठी लोक युरोपातल्या कारखान्यांची नाहीतर संगणकाची उदाहरणे घेतात. आपल्याला इतके दूर जायची गरज नाही. नगर जिल्ह्याच्या पाण्यात हा प्रश्न पाचशे वर्षे मुरलेला आहे.

सुरुवात शहराच्या जागेपासून करू. राजधान्या साधारणपणे बारमाही पाण्याच्या काठी वसतात. अहमदनगर तसे वसले नाही. मलिक अहमद निजामशहा १४९० मध्ये बहामनी सत्तेपासून स्वतंत्र झाला तेव्हा त्याचे ठाणे जुन्नरला होते आणि डोळा दौलताबादवर. फरिश्ता सांगतो की दौलताबादवर वारंवार चालून जाण्यासाठी त्याला जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मधोमध एक ठिकाण हवे होते. भिंगारजवळ, सीना नदीच्या काठी, १४९४ मध्ये त्याने शहराचा पाया घातला. म्हणजे ही जागा लष्करी हिशोबाने निवडली गेली. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. सीना पावसाळ्यात वाहते आणि उन्हाळ्यात तिची वाळू दिसते. फौज, हत्ती, घोडे, कारागीर, व्यापारी आणि दरबार अशा ठिकाणी आणून बसवायचा तर पाणी बाहेरून आणणे भागच होते. राजकारणाने जागा ठरवली, आणि त्या जागेने तंत्र ठरवले.

हे तंत्र कसे चालत होते? शहराच्या भोवती, विशेषतः उत्तरेला आणि पूर्वेला, डोंगररांगा आणि उंचवटे आहेत. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार या बाजूंना जिथे जमिनीतला झरा बारमाही असे, तिथे विहीर खणली जाई. विहिरीच्या तळाजवळून खापरी नळांची ओळ निघे. पुढचे सगळे काम उताराचे. मोट नाही, रहाट नाही, बैल नाहीत. पाणी आपल्या वजनाने शहराकडे चालत येई. उतार जास्त झाला तर पाण्याचा जोर नळ फोडतो, कमी झाला तर गाळ बसतो. म्हणून मैलोन्‌मैल बेताचा उतार राखणे हीच या कामातली खरी विद्या होती. वाटेत ठरावीक अंतरावर उभे झरोके ठेवलेले असत. पुण्याकडे त्यांना उच्छ्वास म्हणतात, बोलीत उसासे. नळात कोंडलेली हवा त्यातून बाहेर पडे, आणि गाळ काढायला माणूस उतरायचा तोही तिथूनच. शहरात आल्यावर पाणी हौदांत, मशिदींच्या वजूखान्यांत, हमामांत, बागांत आणि वाड्यांत विभागले जाई.

जमिनीखालून पाणी नेण्याची कल्पना इराणची. तिथे तिला कनात किंवा कारेझ म्हणतात. बहामनी काळात बीदरला कारेझ खोदली गेली आणि ती आजही पाहता येते. दकनच्या दरबारांत इराणी, तुराणी, अरब, रूमी माणसांची ये-जा सतत चालू होती. शाह ताहिर हा इराणी विद्वान १५२२ च्या सुमारास अहमदनगरला आला आणि बुरहान निजामशहाचा सल्लागार झाला, हे सर्वांना माहीत आहे. अशा माणसांबरोबर पोथ्या आल्या, पंथ आले, तसे हुनरही आले. पण इथे एक घाई आपल्याकडून होते. काही मुस्लिम अभ्यासक लगेच म्हणतात, ही ‘इस्लामी’ विद्या. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, परक्यांनी काय आणले, इथे बारवा आणि तळी आधीपासून होतीच. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. आराखडा इराणी असेल, पण नळ घडवला नगरच्या कुंभाराने, इथल्या मातीचा. चर खणले इथल्याच बेलदार-वडारांनी, दगड घडवला पाथरवटाने, चुना मळला गवंड्याने. इराणात कनात हे बहुतेक ठिकाणी नुसते मातीतले भुयार असते. इथे त्याला विहिरीची आणि खापरी नळाची जोड मिळाली. वस्तू प्रवास करते तेव्हा ती पोहोचलेल्या जागेच्या हातांनी बदलते.

याचे आणखी एक उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. चरखा ही भारताची प्राचीन वस्तू आहे असे आपण धरून चालतो. इरफान हबीब यांनी दाखवले आहे की भारतात चरख्याचा पहिला निःसंदिग्ध उल्लेख इसामीच्या ‘फुतूह-उस-सलातीन’मध्ये येतो, आणि हा ग्रंथ १३५० साली दकनमध्ये, पहिल्या बहामनी सुलतानाच्या आश्रयाने लिहिला गेला. उल्लेख कशासाठी आहे हे त्याहून महत्त्वाचे. रझिया सुलतानवर टीका करताना इसामी सुचवतो की बाईने तख्तावर न बसता चरख्यापाशी बसावे. नवे यंत्र आले, सुताचे उत्पादन वाढले, आणि त्याच यंत्राने बाईची जागा कुठे आहे हे सांगण्याचे काम केले. पुढे गांधींनी हाच चरखा चळवळीच्या मध्यभागी ठेवला आणि बायका तो घेऊन घराबाहेर आल्या. चरख्याचे लाकूड तेच होते.

पाण्याकडे परत येऊ. नहरीचे पाणी कोणासाठी होते? निजामशाहीतल्या सर्वात देखण्या जलरचना बागांसाठी झाल्या. हश्त बिहिश्त बाग, फराह बाग. फराह बागेतला महाल मोठ्या तलावाच्या मधोमध उभा आहे. तो मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत बांधला गेला आणि सलाबतखानाने पुरा केला. हा मुर्तजा पुढे लोकांपासून तुटला, वर्षानुवर्षे बागेत कोंडून घेऊन राहिला, आणि लोक त्याला ‘दीवाना’ म्हणू लागले. दुष्काळी मुलखात कोसभरावरून आणलेले पाणी एका एकांतवासी बादशहाच्या महालाभोवती साठवले जाते, यात वास्तुकलेइतकीच सत्तेचीही गोष्ट आहे. त्याच वेळी हेही खरे की बागेला पाणी पुरवणाऱ्या नहरी वाटेत वस्त्यांना, मशिदींना, हौदांनाही पाणी देत. दरबाराची हौस नसती तर इतका खर्च झाला नसता, आणि खर्च झाला म्हणून सामान्य माणसाच्या घागरीपर्यंत काही पाणी पोहोचले.

सामान्य माणूस म्हटले की आपण सगळ्यांना एकत्र धरतो. हौदावर सगळे एकत्र नव्हते. हौदापासून घरापर्यंत पाणी नेणारा भिस्ती किंवा पखाली हा बहुतेक मुसलमान. त्याची पखाल चामड्याची, म्हणून ते पाणी अनेक सवर्ण घरांत चालत नसे. आणि ज्यांच्या हाताचा स्पर्श चालत नसे त्यांना हौदापाशी येण्याचीच मनाई. पुण्यात १८६८ मध्ये जोतिराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हा ती बंडखोरी ठरली. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये बोले ठराव केला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असे जाहीर केले, आणि तरीही १९२७ मध्ये बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर जावे लागले. कलकत्त्यात नळ आले तेव्हा तोटीत चामड्याचा वायसर असतो म्हणून सनातनी मंडळींनी कुरकुर केली. उतार राखला की पाणी खाली येते एवढेच नळाला कळते, पुढचे सगळे समाज ठरवतो.

इथे एका प्रबंधाची आठवण द्यायला हवी. एषा शाह यांनी नेदरलँड्सच्या वाखेनिंगेन विद्यापीठात कर्नाटकातल्या तलावांवर डॉक्टरेट केली, २००३ मध्ये. जुने तलाव म्हणजे गावाच्या एकोप्याचे प्रतीक, ही गोड समजूत त्यांनी तपासली. तलावाची रचना, त्याचा बांध, त्याचे दरवाजे यांमध्येच वेठ, जात आणि जबरदस्ती मुरलेली आहे असे त्यांनी मांडले. लोकगीते त्यांना साक्षीला मिळाली. कन्नडमधल्या ‘केरेगे हारा’ या गीतकथेत तळ्याला पाणी लागावे म्हणून घरच्या सुनेचा बळी दिला जातो. इथे बळी मुलाचा किंवा सासऱ्याचा नाही, याकडे लक्ष द्या. आपण मुसलमान मंडळी निजामशाहीच्या नहरींचे कौतुक करतो ते रास्तच आहे, पण चर खणणाऱ्याला मजुरी मिळाली की वेठ, हा प्रश्न त्या कौतुकाच्या शेजारी ठेवलाच पाहिजे. आपल्याच सुलतानांना त्यातून सूट कशासाठी द्यायची?

समाज एखादे तंत्र कसे अडवतो हे पाहायचे तर पाणचक्की पाहावी. औरंगाबादला बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात ती अजून उभी आहे. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी खापरी नळांतून येते, उंचावरून पडते आणि जाते फिरवते. दर्ग्यात मुरीद, फकीर, वाटसरू यांच्यासाठी रोज मोठ्या प्रमाणावर पीठ लागे, म्हणून ती तिथे झाली. मग अशा चक्क्या दकनभर का झाल्या नाहीत? नद्या आटतात हे एक कारण. दुसरे कारण घराघरांत पहाटे ऐकू येत असे. जात्यावर बसणाऱ्या बाईच्या श्रमाला दाम नव्हता. जे काम फुकट होते आहे त्यासाठी यंत्रावर पैसा कोण घालणार? फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लोक यांनी १९३५ च्या एका निबंधात युरोपविषयी हेच दाखवले होते. पाणचक्की रोमनांना माहीत होती, पण गुलाम स्वस्त होते तोवर ती फारशी पसरली नाही. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचे आपण फार कौतुक करतो, आणि त्या सुंदर आहेतच. मात्र पाणचक्की एका दर्ग्यापुरती राहिली आणि ओव्या घराघरांत राहिल्या, या दोन्हींचे मूळ एकच आहे.

अहमदनगरने घडवलेली दुसरी वस्तू मात्र जगप्रसिद्ध आहे. मलिक-ए-मैदान तोफ. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे, पण ती ओतली गेली अहमदनगरात, १५४९ मध्ये, मुहम्मद बिन हुसेन रूमी या उस्तादाच्या हाताखाली. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात चिरडलेला हत्ती. ‘रूमी’ म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. नहरीचा नकाशा इराणचा, तोफेचा उस्ताद तुर्कांकडचा, आणि दोन्हींची भट्टी नगरची. तोफांनी आधी किल्ले बदलले. मातीच्या तटाचे दिवस संपले आणि हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ दरम्यान भुईकोट दगडात नव्याने बांधला, गोल बुरुज आणि रुंद खंदकासह. तोफ घरात असलेल्या राजालाच तोफेची खरी भीती कळते. या किल्ल्याला १५९५-९६ मध्ये मोगलांनी वेढा घातला तेव्हा त्यांनी तट पाडायला जमिनीखालून सुरुंग नेले. आतल्या लोकांनी उलट खणून दोन सुरुंग शोधले आणि त्यातली दारू काढून घेतली. पुढच्याने तटाला खिंडार पाडले, पण चांदबीबीने रातोरात ते बुजवून घेतले. जमिनीच्या पोटात काम करण्याची सवय या शहराला होती.

पाण्याचेही एकदा हत्यार झाले. शहराच्या पूर्वेला भातवडीचा तलाव आहे, सलाबतखानाच्या नावाने सांगितला जाणारा. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजा मिळून चालून आल्या तेव्हा मलिक अंबरने या तलावाचा बांध फोडला. शत्रूची छावणी चिखलात रुतली, रसद तुटली, आणि संख्येने कमी असलेल्या निजामशाही फौजेने लढाई जिंकली. शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी इथेच कामी आले. शेतीसाठी अडवलेले पाणी युद्धासाठी सोडले गेले. खालच्या गावांच्या उभ्या पिकांचे काय झाले, हे बखरी सांगत नाहीत. याच मलिक अंबरने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, नहर-ए-अंबरी बांधली. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या एका हबशी माणसाने शहर वसवले आणि त्याला पाणी दिले.

निजामशाही १६३६ मध्ये संपली. नहरी संपल्या नाहीत. पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजहून पुण्याला पाणी आणले ते याच पद्धतीने, आणि तिला कोणी परकी म्हटले नाही. नगरमध्ये नगरपालिका १८५४ ला आली. इंग्रजी अमदानीत छापलेल्या १८८४ च्या गॅझेटियरमध्ये शहराला पाणी देणाऱ्या नहरींची माहिती आहे, म्हणजे निजामशाही बुडून अडीचशे वर्षे होत आली तरी शहर त्याच नळांवर होते. इतकी वर्षे हे नळ टिकले कारण गाळ काढणारे, सांधे जोडणारे, उसासे उघडून पाहणारे कोणीतरी होते. हे काम मानाचे नव्हते. इतिहासात बांधणाऱ्याचे नाव राहते, दुरुस्ती करणारा बेनाव जातो.

मग विसाव्या शतकात मोठे तंत्र आले आणि त्याने जिल्ह्याचा नकाशाच बदलला. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. प्रवरेचे कालवे दुष्काळावरचा उपाय म्हणून काढले होते, ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून. पाणी मात्र उसाकडे गेले. ऊस हे विचित्र पीक आहे. तोडल्यावर तो थांबत नाही, दिवसागणिक त्यातली साखर उतरते. म्हणून कारखाना शेताजवळच हवा, आणि शेतकरी व कारखाना एकमेकांना बांधलेले हवेत. आधी बेलापूरसारख्या खाजगी कंपन्या आल्या. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना सुरू झाला. त्यातून सभासद आले, संचालक मंडळे आली, निवडणुका आल्या, कॉलेजे आली, आमदार आले. समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्यावर संशोधन केले तेव्हा त्यांना साखरेइतकेच राजकारण गाळपात दिसले. तंत्राने समाज घडवला याचे इतके ठळक उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नसेल. पण उलटेही खरे. जमीन कोणाकडे होती यावर सभासद कोण हे ठरले. ज्यांच्याकडे जमीन नव्हती ते ऊस तोडायला राहिले. आणि त्याच जिल्ह्यात, कालव्याच्या पलीकडे, पारनेर-पाथर्डीला टँकर फिरत राहिले.

शहर आता मुळा धरणाचे पाणी पिते. वीज गेली की पंप थांबतो, पंप थांबला की तोटी कोरडी. ज्या पाण्याला चारशे वर्षे कुठलीच ताकद लागली नव्हती ते आता विजेच्या बिलावर अवलंबून आहे. भिस्ती गेले, त्याचे दुःख करायचे कारण नाही, ते कष्टाचे आणि अपमानाचे काम होते. नहरीची निगा राखणारे मात्र कोणाच्याच लक्षात न येता गेले. त्या नळांवरून रस्ते झाले, इमारती झाल्या, उसाशांत कचरा पडला. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा, अब्दुर रहीम खानखानाच्या काळातला, अजून पाणी देतो, कारण तिथे कोणीतरी त्याची निगा राखली. नगरच्या नहरींचा एकत्र नकाशा, कुठली कुठून निघते, कुठे तुटली, कुठे अजून ओल आहे, हे काम एखाद्या तरुण संशोधकाने हाती घ्यावे इतके मोठे आहे. अभियंता हवा, फारसी वाचणारा हवा, आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांशी बोलणारा हवा. एकाच माणसात हे तिन्ही मिळाले तर उत्तमच.

शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. त्यावर बरेच बोलले गेले, मी इथे भर घालत नाही. एवढेच नोंदवतो की अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या, आणि देशभर त्यांची आठवण लोक काढतात ती विहिरी, बारवा आणि घाट यांमुळे. कापूरवाडीच्या बाजूला जमीन खणली की खापराचे तुकडे वर येतात. मजूर ते बाजूला टाकतात आणि प्लास्टिकचा पाइप पुरतात.